प्रामाणिकपणा यंत्राचा की माणसाचा?

सिंगापूरमध्ये राहणाऱ्या माणसाला 'लाच' हा शब्द वर्षभरात कितीदा आठवतो? बहुधा एकदाही नाही. आयकर, व्हिसाचे नूतनीकरण, गाडीचा रोड टॅक्स, मुलाची पहिलीतली नावनोंदणी, ही सगळी कामे आपण जेवणाच्या टेबलाशी बसून ऑनलाइन उरकतो. अनेक पगारदारांना तर २००७ पासून आयकराचे विवरणही भरावे लागत नाही. मालकाकडून आकडे खात्याकडे आधीच पोचलेले असतात. कुणाची मर्जी राखावी लागत नाही, कुणाला 'साहेब, जरा बघा ना' म्हणावे लागत नाही.

मग डिसेंबरच्या सुट्टीत हाच माणूस साडेपाच तासांचा विमानप्रवास करून मुंबईला उतरतो. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची असतात, गावाकडच्या घराची कागदपत्रे करायची असतात. रजा मोजून दहा दिवसांची. कुणीतरी अगदी मायेने सांगते, "दादा, एजंट गाठा. चार पैसे जातील, पण हेलपाटे वाचतील." आणि वर्षभर ज्याच्या मनाला लाच शिवलीही नाही, तो माणूस मनातल्या मनात हिशेब करू लागतो.

माणूस तोच, संस्कार तेच, घरातले देवही तेच. बदलला तो फक्त मुलूख. मग प्रामाणिकपणा नेमका राहतो कुठे? आपल्या मनात, की आपल्या भोवतालच्या व्यवस्थेत? आणि तो व्यवस्थेतच राहत असेल, तर सिंगापुरातल्या आपल्या सचोटीचे श्रेय आपण कशाच्या जोरावर घ्यायचे?

मी पेशाने डॉक्टर. त्यामुळे कोणत्याही रोगाकडे बघताना आधी उपदेश न करता कारण शोधायची सवय. एमबीबीएसनंतरची इंटर्नशिप ग्रामीण आरोग्य केंद्रात करताना निराधार योजनेसाठी वयाचा दाखला मागायला म्हातारी माणसे येत. डॉक्टरचा दाखला ही त्यांच्या वाटेतली पहिली पायरी. पुढे तलाठी, मग तहसील कचेरी. या प्रत्येक ठिकाणी खिडकीपलीकडच्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असे : समोरच्याची शेवटची एस.टी. पाच वाजता सुटते आणि उद्या पुन्हा यायचे तर त्याची एका दिवसाची मजुरी बुडते. चिरीमिरीचे मूळ इथे आहे. एकाच्या हातात अधिकार, दुसऱ्याला घाई, आणि दोघांमध्ये काय चालले आहे ते बघणारे तिसरे कुणी नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या की रोग पसरतो. मग माणूस मुळात बरा असो वा वाईट.

१८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाचा दांडा काढून टाकायला लावला. लोकांना शुचितेवर व्याख्यान देण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. सरकारी कामात संगणक आणणे हे असेच दांडा काढून टाकण्यासारखे आहे.

आपल्याकडे हे झाले, आणि त्याचा उपयोगही झाला. २००२ च्या सुमारास महाराष्ट्रातील दुय्यम निबंधक कार्यालयांत 'सरिता' ही संगणक प्रणाली आली. पूर्वी नोंदवलेला मूळ दस्त परत मिळायला महिनोन्‌महिने जात, आणि तेवढा काळ तो कुणाच्या तरी ताब्यात असे. स्कॅनिंग सुरू झाल्यावर तो त्याच दिवशी हातात पडू लागला. शेजारच्या कर्नाटकाने २००१ मध्ये 'भूमी' प्रकल्पातून जमिनीचे उतारे संगणकावर आणले. बेळगाव-खानापूरच्या मराठी शेतकऱ्यालाही पंधरा रुपयांत तालुक्याच्या ठिकाणी उतारा मिळू लागला. त्यात दोन साध्या युक्त्या होत्या : अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, आणि अधिकाऱ्याने स्वतःच्या बोटाचा ठसा देऊनच संगणक उघडायचा. म्हणजे मधेच कुणाची फाइल वर काढता येणार नाही, आणि 'मी नाही केले' असे नंतर म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. केंद्राने पाठवलेल्या रुपयातले पंधराच पैसे गरिबापर्यंत पोचतात, असे राजीव गांधी १९८५ साली म्हणाले होते. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला, आणि पुढे अनुदान थेट खात्यात जमा करण्याची वाट मोकळी झाली.

यात वाचलेल्या पैशांपेक्षाही मला एक गोष्ट मोठी वाटते. हात जोडून उभे राहणे संपले. जो उतारा आपला हक्क आहे तो उपकार म्हणून घ्यावा लागू नये, यात माणसाची प्रतिष्ठा आहे.

मग रोग बरा झाला का? नाही. महाराष्ट्राच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांत महसूल आणि पोलीस ही दोन खाती वर्षानुवर्षे आघाडीवर असतात. कारण उघड आहे. सातबाऱ्याची प्रत ऑनलाइन मिळते. पण त्यावर नवे नाव चढवायचे म्हणजे फेरफार, आणि तो मंजूर करायचा म्हणजे माणसाचा निर्णय. जिथे निर्णय उरला, तिथे लाचही उरली. शिवाय 'सर्व्हर डाउन आहे' हे नवे कारणही मिळाले. महाराष्ट्रातील २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत सात हजारांहून अधिक उमेदवारांच्या निकालात फेरफार झाल्याचे नंतर उघड झाले. निकाल संगणकावरच तयार होत होते. पण त्या संगणकाची किल्ली माणसांच्याच हाती होती. कौटिल्याने सरकारी पैशाच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. तो आज असता तर त्याने एकेचाळिसावा लिहिला असता!

आता ज्या देशात आपण राहतो त्याच्याकडे वळू. सिंगापूर मुळातच स्वच्छ होते असा आपल्या मुलांचा समज असतो. तसे नाही. १९५१ मध्ये इथे अफूचा मोठा साठा लुटला गेला आणि त्यात पोलिसांचेच हात गुंतलेले निघाले. त्यानंतर १९५२ साली पोलिसांपासून वेगळी अशी भ्रष्टाचार अन्वेषण संस्था, आज जिला सीपीआयबी म्हणतात ती, स्थापन झाली. १९६० मध्ये कडक कायदा आला. १९८६ मध्ये राष्ट्रीय विकासमंत्री तेह चियांग वान यांचीच चौकशी सुरू झाली. त्यांनी आत्महत्या केली. १९९१ च्या घटनादुरुस्तीने अशी तरतूद केली, की पंतप्रधानांनी नकार दिला तरी राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने चौकशी पुढे नेता यावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये माजी वाहतूकमंत्री एस. ईश्वरन यांना पदावर असताना मौल्यवान भेटी स्वीकारल्याबद्दल आणि न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल बारा महिन्यांची कैद झाली. दुसरे टोक बघा : २०१८ मध्ये दोन फोर्कलिफ्टचालकांवर ट्रकचालकांकडून एकेक डॉलर घेतल्याबद्दल खटला भरला गेला.

आता सालांचा क्रम लक्षात घ्या. आयात-निर्यातीची कागदपत्रे संगणकावर आणणारे 'ट्रेडनेट' १९८९ चे, सरकारी खरेदीचे 'जेबिझ' २००० चे आणि सिंगपास २००३ चे. म्हणजे आधी कायद्याचा धाक आणि वरपासून खालपर्यंत एकच माप, आणि मग यंत्र. यंत्राने स्वच्छता टिकवली, वाढवली. पण जन्माला घातली नाही. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या निर्देशांकात १८० देशांमध्ये सिंगापूर तिसरे होते आणि भारत ९६ वा. हे अंतर केवळ संगणकांच्या संख्येचे नाही. संगणक बनवणारी माणसे तर आपलीच आहेत.

इथे एक जुना प्रश्न समोर येतो. ज्याला संधीच मिळाली नाही, त्याच्या सचोटीला सद्‌गुण म्हणायचे का? रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आपण आजही घेतो, कारण त्यांच्यासमोर राघोबादादांची सत्ता उभी होती आणि तरीही नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दोष त्यांनी राघोबांवर ठेवला. त्यांच्या डोक्यावर कॅमेरा नव्हता. मग ज्याच्या डोक्यावर कॅमेरा आहे त्याचे कौतुक कसले?

या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो पुरता पटत नाही. रोगप्रतिकारशक्तीची परीक्षा व्हावी म्हणून कोणताही डॉक्टर गढूळ पाणी प्यायला सांगत नाही. मोहाच्या कसोटीला उतरणारी माणसे थोडी असतात. ज्या राज्याला प्रत्येक खिडकीत एक रामशास्त्री लागतो, ते राज्य चालणार नाही. साध्या, कुटुंबवत्सल, थोड्याशा भित्र्या माणसालाही सरळ वागणे सोपे जावे, हे व्यवस्थेचे काम. यंत्र ते करते. पण पाणी स्वच्छ झाले म्हणजे शरीरात ताकद आली असे होत नाही. ती ज्याची त्याने कमवायची असते, आणि ती आहे की नाही हे दुसऱ्या गावचे पाणी प्यायल्यावरच कळते.

यंत्राची आणखी एक मर्यादा सांगायला हवी. जे लाच घेत नाही, ते गाऱ्हाणेही ऐकत नाही. २००९ साली सिंगापूरच्याच कर्करोगतज्ज्ञांनी एका रुग्णाची हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. कॅपेसिटॅबिन या औषधाने त्याच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आणि अमेरिकेच्या विमानतळावर ठसे उमटेनात म्हणून त्याला काही तास अडवून ठेवले. आपल्याकडे शेतात राबलेल्या म्हातारीचा अंगठा रेशन दुकानातल्या यंत्राला ओळखू येत नाही, तो प्रकार याच जातीचा. अशा वेळी 'आजी, बसा, मी बघतो' म्हणणारा माणूस लागतो. ज्या अधिकारातून लाच निघते, त्याच अधिकारातून दयाही निघते. म्हणून खिडकीतला माणूस पूर्ण हटवणे हे उत्तर नव्हे. त्याने काय केले याची नोंद राहावी आणि कुणी विचारले तर त्याला उत्तर देता यावे, हे उत्तर आहे.

आणि शेवटी आपण, खिडकीच्या अलीकडचे. लाचेला दोन हात लागतात. घेणाऱ्याच्या हाताबद्दल आपण भरभरून बोलतो. देणारा हात मात्र 'नाइलाज' म्हणून खिशात लपवतो. भारतातल्या कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. आपल्यापैकी जे सिंगापूरचे नागरिक झाले आहेत त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : इथला १९६० चा कायदा नागरिकाच्या पाठोपाठ देशाबाहेरही जातो. गावाकडच्या कचेरीत दिलेली लाच ही इथे दिल्यासारखीच धरली जाते आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत असू शकते. 'तिकडे तशी रीतच आहे' हा बचाव तर कायद्याने आधीच मोडीत काढला आहे. अशी रीत असल्याचा पुरावाच न्यायालयात ग्राह्य धरत नाहीत.

पण कायद्याच्या भीतीपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. रांगेतल्या सगळ्यांत थांबण्याची ऐपत जर कुणाची असेल, तर ती आपली आहे. रजा वाढवता येते, पुढच्या खेपेला काम करता येते, वकील लावता येतो, ऑनलाइन अर्जाची पोच हातात धरून महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येते. विहित मुदतीत सेवा दिली नाही तर त्या कायद्यात अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. कुणी पैसे मागितलेच तर १०६४ हा क्रमांक आहे. हे सगळे शिकलेल्या, खिशात पैसे असलेल्या माणसाला जमण्यासारखे आहे. आपण मात्र आपल्या घाईपायी पाच हजार मोजतो आणि विमानात बसतो. त्या खिडकीचा भाव मात्र वाढलेला राहतो, आणि तो भरायला आपल्या मागे उभा असतो तो पाचची एस.टी. गाठायची घाई असलेला म्हातारा.

म्हणून पुढच्या सुट्टीत गावाकडचे काम काढाल, तेव्हा अर्ज ऑनलाइन करा, पोच जपून ठेवा, आणि दोन खेपा जास्त पडल्या तर पडू द्या. सोबत मुलांनाही न्या. सिंगापुरातली त्यांची सचोटी व्यवस्थेने त्यांना फुकट दिलेली आहे. ती किती किमतीची असते, हे त्या कचेरीच्या बाकड्यावर आपल्या शेजारी बसून त्यांना कळले, तर त्या दोन खेपा वाया गेल्या असे मी म्हणणार नाही.