मांडणीतील विवादी स्वर

संगीताविषयीचे मासिक काढणाऱ्यापुढे आरंभीच एक अडचण उभी राहते. ज्या कलेविषयी लिहावयाचे ती कानांची, आणि वाचकांपर्यंत पोहोचावयाचे ते डोळ्यांच्या द्वारे. गाणे पानावर ऐकू येत नाही. म्हणून मथळा, चित्र, अक्षरांचा आकार, समासाची मोकळी जागा यांच्याकरवी नादाचा थोडा तरी भास उत्पन्न करावा, असा मोह मांडणी करणाऱ्यास होतो. दुसऱ्या पक्षी वाचकाच्या डोळ्यांना काही सवयी जडलेल्या असतात: ओळ सरळ जावी, एक स्तंभ संपला की दुसरा शोधावा लागू नये, पृष्ठांक ठरल्या जागी असावा. हे संकेत पाळावेत की मोडावेत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभिरुचीचा वाटतो. माझ्या मते तो नीतीचा आहे. आणि तो तसा का वाटू लागला हे सांगावयाचे तर स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका संगीत मंडळाच्या वार्षिकाचे संपादन माझ्याकडे होते. त्यात एका वृद्ध तबलावादकांच्या आठवणी होत्या. मंडळातील सारे त्यांना मास्तर म्हणत. मांडणी करणाऱ्या तरुणाने त्या लेखाखाली तबल्याच्या शाईचे मोठे काळे छायाचित्र पसरले आणि त्यावर करड्या रंगाची बारीक अक्षरे वर्तुळाकार फिरविली. पान पाहताच मी मोहून गेलो आणि ते संमत केले. अंक हाती पडला तेव्हा मास्तरांनी तो खिडकीपाशी नेला, चष्मा पुसला, अंक एकदा आडवा व एकदा उलटा धरून पाहिला, आणि “छान झाले आहे” एवढेच म्हणून तो पिशवीत ठेवला. त्यांचे स्वतःचेच शब्द त्यांना वाचता आले नव्हते.

मोनोटाइप या मुद्रणयंत्रांच्या कंपनीत काम करणाऱ्या बिअॅट्रिस वॉर्ड या विदुषींनी 1930 साली लंडन येथील आपल्या व्याख्यानात मुद्रणाला स्फटिकाच्या पेल्याची उपमा दिली होती. सोन्याचा पेला डोळे दिपवितो, पण आतील मद्य झाकतो. स्वच्छ काचेचा पेला जणू स्वतः नाहीसा होऊन मद्य दाखवितो. उत्तम मुद्रण या दुसऱ्या पेल्यासारखे असावे, हा त्यांचा आशय. मास्तरांच्या प्रसंगानंतर हे मत मला सर्वस्वी पटावयास हवे होते. परंतु संगीताच्याच दोन नियतकालिकांची उदाहरणे त्याच्या आड येतात, आणि त्यांचा विचार केल्यावाचून निर्णय देणे न्याय्य होणार नाही.

पहिले लंडनचे. 1976 साली मार्क पेरी या बँकेतील तरुण कारकुनाने ‘स्निफिन ग्लू’ नावाचे पत्रक काढले. पंक नावाचे नवे, ओबडधोबड, संतप्त संगीत हा त्याचा विषय. मजकूर टंकयंत्रावर ठोकलेला, मथळे जाड लेखणीने वेडेवाकडे लिहिलेले, खाडाखोड तशीच ठेवलेली; आरंभी प्रती काय त्या सुमारे पन्नास. शिष्टसंमत मांडणीचा एकही संकेत येथे पाळलेला नव्हता. तथापि वाचकाचे काहीही हिरावले गेले नव्हते. थोडेसे सूर येत असले तरी गावयास उभे राहा, असे ते संगीत सांगत होते. घरी टंकयंत्र असले तरी लिहावयास बसा, असे ते पान सांगत होते. पत्रकाचा खप हजारोंच्या घरात गेल्यावर पेरी यांनी 1977 मध्ये ते बंद केले आणि वाचकांना आपापली पत्रके काढण्यास सुचविले. मोडलेल्या संकेताची किंमत त्यांनी स्वतः भरली.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातील ‘रे गन’ मासिकाचे. 1992 पासून त्याचे कलासंपादक असलेले डेव्हिड कार्सन ओळी एकमेकींवर चढवीत, मथळे तोडीत, स्तंभ एकमेकांत घुसवीत. कर्कश संगीताला शांत पान शोभत नाही, हा त्यांचा दावा मला अमान्य नाही. दुर्बोध काव्यही वाचकाकडून कष्टाची अपेक्षा करतेच. पण 1994 साली ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत त्यांना नीरस वाटली, तेव्हा त्यांनी ती सारी तारे, बाण, कात्र्या अशा नुसत्या चिन्हांच्या खिळ्यांत छापली. अंकाच्या अखेरीस तीच मुलाखत वाचनीय अक्षरांत दिली होती, हे नमूद केले पाहिजे. येथे मात्र मन अडखळते. कंटाळा आला मांडणी करणाऱ्यास. किंमत भरली बोलणाऱ्याने, लिहून घेणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने.

आपल्या रागसंगीतात या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच झालेला आहे. रागात वर्ज्य असलेला विवादी स्वर कुशल गायकाने क्वचित, अल्प प्रमाणात लावला तर राग खुलतो, असे शास्त्रच सांगते. दुसऱ्या रागाची छाया आणून मूळ राग क्षणभर झाकणे याला तिरोभाव म्हणतात, आणि तो पुन्हा प्रकट करणे याला आविर्भाव. ही मुभा ज्याने आधी राग श्रोत्यांच्या मनात पक्का उभा केला आहे त्यालाच. आणि झाकलेला राग परत देण्याचे बंधनही त्याच्यावरच. कार्सन यांच्या अंकातील शेवटची पाने मला अशा आविर्भावासारखी वाटतात: उशिरा आलेला खरा, पण आलेला. नियमभंगास एवढी वाट मोकळी ठेवल्यामुळेच शास्त्र जिवंत राहिले. बिहागातील तीव्र मध्यम ग्रंथांत विवादी म्हणून सांगितला आहे. आज त्याच्यावाचून बिहाग ऐकल्यासारखा वाटत नाही.

सारांश, संकेत हा वाचकाशी केलेला अलिखित करार आहे. तो बदलता येतो, पण एका पक्षाने दुसऱ्याच्या नकळत नव्हे. मोडणाऱ्याने स्वतःस दोन प्रश्न विचारावेत: हे मी विषयासाठी करीत आहे की माझ्या हौसेसाठी? आणि याची किंमत कोण भरणार? आमच्या वार्षिकापुरते पाहिले तर पहिल्या प्रश्नाला मी काहीतरी उत्तर जुळविले असते. दुसऱ्याला मजजवळ उत्तर नव्हते.

पुढील वर्षी तो लेख पांढऱ्या कागदावर, काळ्या ठसठशीत अक्षरांत आम्ही पुन्हा छापला. चार दिवसांनी मास्तर अंक घेऊन घरी आले. तिसऱ्या पानावर ‘तिरकिट’च्या जागी ‘तिरकट’ पडले होते, आणि त्यांच्या गुरुजींच्या गावाचे नावही चुकले होते. दोन्ही ठिकाणी त्यांनी पेन्सिलीने खूण केली होती. त्या दोन्ही चुका गेल्या वर्षीच्या अंकातही होत्याच.