घेता ना?

मुरब्याच्या किनाऱ्याला बोट लागली की नाखवा खलाशांना काही विचारत नसत. सरळ खणात उतरत, वरचा बर्फ बाजूला सारत आणि अगदी तळातलं एक पापलेट उचलून कल्ला उघडून बघत. कल्ला लालभडक दिसला की मान हलवून वर येत. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि घरातल्या बिस्किटांच्या डब्यात गोळ्यांनी मुक्काम ठोकला. रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, प्रेशरच्या दोन, शिवाय पायाची सूज उतरवणारी लघवीची एक. दर महिन्याला बोईसरला तपासणी.

"नाखवा, गोळ्या घेता ना?"

"घेतो ना, डॉक्टर. रोज."

प्रेशर मात्र १७०. डॉक्टरांनी डोस वाढवला. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच प्रेशर. आणखी एक गोळी वाढली.

नाखवा खोटारडे नव्हते, हे मी आधीच सांगून टाकते. रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांनी कधी चुकवली नाही. ती आपल्या मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, हे हॉस्पिटलातून निघताना त्यांना नीट समजावलं होतं. पण लघवीची गोळी घेऊन मासळीच्या लिलावात तासन् तास उभं कसं राहायचं? ती त्या दिवशी राहून जाई. प्रेशरची ते डोकं जड वाटलं की घेत. उरलेली आठवेल तेव्हा. आणि या सगळ्याचा त्यांच्या मनातला हिशेब एकच होता: रोज.

१ जूनला मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या, आणि मुलगी माहेरी आली. तिने डॉक्टरांची चिठ्ठी भिंतीला चिकटवली. सकाळ-संध्याकाळ गोळी हातावर ठेवायची, वर पाण्याचा तांब्या, आणि गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. पाचव्या दिवशी पहाटे नाखवा अंथरुणातून उठले आणि पडवीतच कोसळले.

प्रेशर ९० वर ६०.

"नवीन काही दिलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. तुमच्याच गोळ्या. फक्त सगळ्या." मुलीने डबा टेबलावर उपडा केला.

न फोडलेल्या पाकिटांचा ढीग पडला. डॉक्टर एकेक पाकीट हातात घेऊन मोजू लागले. प्रेशरच्या एका गोळीच्या महिन्याच्या तिसांतल्या एकोणीस शिल्लक. न घेतलेल्या गोळ्यांवर त्यांनी डोस चढवत नेला होता, आणि तो सगळा चढवलेला डोस या पाच दिवसांत एकदम लागू पडला होता. डॉक्टर बराच वेळ गप्प बसले.

"नाखवा, मला सांगायचं तरी."

"तुम्ही 'घेता ना' म्हणालात. त्याला 'नाही' कसं म्हणायचं?"

मग थोडं थांबून म्हणाले, "खलाशाला 'बर्फ नीट घातलास ना' विचारलं की तोही 'हो' म्हणतो. म्हणून तर मी खणात उतरतो."

हे दुखणं एकट्या मुरब्याचं नाही. रोगी औषध घेतल्याचं सांगतो पण घेतलेलं नसतं, म्हणून वैद्याने लक्ष ठेवावं, असं हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या प्राचीन ग्रीक लेखनातही आहे. अलीकडे औषधाच्या बाटलीच्या झाकणात चिप बसवून पाहिलं, तर माणसं सांगतात त्यापेक्षा झाकण कमी वेळा उघडलेलं निघतं. तपासणीची तारीख जवळ आली की उघडझाप वाढते. रागावणाऱ्या डॉक्टरसमोर तर ही दरी आणखीच रुंदावते, असं मला मनापासून वाटतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी प्रेशरचा डोस उतरवला. लघवीची गोळी लिलावाच्या दिवशी घरी परतल्यावर, दुपारी घ्यायची ठरली. इतकी साधी सोय दोन वर्षांत कुणी सुचवली नव्हती, कारण अडचणच कुणी विचारली नव्हती.

नारळी पौर्णिमेनंतर नाखवा पुन्हा बोईसरला गेले. डबा पिशवीतून त्यांनी स्वतःच काढला.

"नाखवा, गेल्या आठवड्यात किती राहिल्या?"

नाखव्यांनी बोटांवर मोजलं. "दोन. मंगळवारी एक, बोट उशिरा आली. दुसरी..." ते आठवत राहिले. डॉक्टर पेन उघडं धरून थांबले.