घाशीराम नेमला कोणी?

निवडणूक जवळ आली, की सोलापुरातल्या कोपरासभांत कोणी ना कोणी कोणाला तरी 'घाशीराम' म्हणतोच. सुचवायचं असतं ते एवढंच, की खुर्ची मिळाली आणि गडी बिघडला. ही शिवी ऐकली की माझं डोकं फिरतं. तिच्यात नाना फडणवीस निर्दोष सुटतो.

खुर्चीपायी माणूस नासतो, हे आपल्या रंगभूमीला जुनंच. शि. म. परांजप्यांनी 'मॅकबेथ'चा 'मानाजीराव' केला, शिरवाडकरांनी १९५४ साली 'राजमुकुट'. मधे १९०९ची खाडिलकरांची 'भाऊबंदकी'. या नाटकांत हाव माणसाच्या मनात उगवते, तिला घरचं खतपाणी मिळतं, खून होतो आणि मग झोप उडते. आधी गुन्हा, किंमत नंतर.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, मूळ पंढरपूरचे, आमच्या हरिभाई देवकरण प्रशालेत शिकलेले. हे नाटक सर्रास त्याच रांगेत बसवतात: अपमान, सूड, सत्ता, उन्माद, अंत. मला हे साफ चुकीचं वाटतं.

घाशीराम किंमत आधी मोजतो. पोटची पोर, गौरी, नानाच्या हवाली करतो तेव्हा कुठे कोतवाली पदरात पडते. पुढचे परवाने, रात्रीच्या धाडी, संशयिताच्या हातावर ठेवलेला तापलेला लोखंडी गोळा, ही सगळी त्या सौद्याची वसुली. नानाचा हिशेब तर नेमणुकीच्या वेळीच मांडून झालेला असतो: करणी आपली, बदनामी कोतवालाची. म्हणजे सत्ता घाशीरामाकडे कधी आलीच नाही. ती त्याला वापरायला दिली होती. नडू लागली तशी काढून घेतली. मॅकबेथ पडतो तेव्हा मुकुट निदान दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. इथे कोतवाल जमावाच्या हातून मरतो आणि गादी तसूभर हलत नाही. बावनखणीच्या वाटा तुडवणारी, कीर्तनात डोलणारी रंगमंचावर रांगेने उभी असलेली ब्राह्मणांची मानवी भिंतही जागच्या जागी.

गौरी त्याआधीच मेलेली असते. मरताना घाशीराम तिच्या मरणाचा दोष स्वतःकडे घेतो, मार मागून घेतो. प्रेक्षक फसतात ते इथे. मरणाऱ्याची कबुली त्यांना नाटकाचा निवाडा वाटते. पण त्यानंतर नाना येतो, पुण्याची पीडा टळली म्हणतो आणि उत्सवाचा हुकूम सोडतो. एवढं पाहूनही लोक घाशीरामाच्या अधःपाताबद्दल बोलत घरी जातात!

त्या काळी विरोधकांनी नानाच्या बदनामीवरून रान उठवलं आणि १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या पीडीए या नाट्यसंस्थेनेच नाटक थांबवलं. ती बंदी मला तेव्हाही पटण्यासारखी नव्हती, आजही नाही. पण नाटक नानाबद्दल आहे, हे विरोधकांना चाहत्यांच्या आधी उमगलं होतं, हेही कबूल करायला हवं.

माणसं वापरली जातात आणि गादी हलत नाही, हा धागा जब्बार पटेलांनी पुढेही सोडला नाही. १९७९च्या त्यांच्या 'सिंहासन' या चित्रपटात विश्वासराव दाभाडे मुख्यमंत्रिपदासाठी जंग जंग पछाडतो, आमदारांची मोजदाद होते, दिवसरात्र फोन खणखणतात. शेवटी मुख्यमंत्री जिवाजीराव खुर्चीत कायम, दाभाडेही मंत्रिमंडळात. वेड लागतं ते हे सगळं जवळून पाहणाऱ्या पत्रकार दिगू टिपणीसला.