मुलूख देताना कोणास विचारावे?

एक एकर शेत विकावयाचे झाले तरी किती सोपस्कार करावे लागतात, हे वाचकांस सांगावयास नको. सातबारा पाहिला जातो, मुद्रांकशुल्क भरावे लागते, साक्षीदार उभे राहतात, आणि वाटेकरी असल्यास त्यांच्या सह्या अगर अंगठे घेतल्यावाचून घेणारा पैसे मोजीत नाही. परंतु शेकडो गावांचा मुलूख एका सरकारकडून दुसऱ्याकडे जातो, तेव्हा त्या गावांत राहणाऱ्यांचा अंगठा कोण घेतो? हा प्रश्न केवळ वकिलांचा आहे असे समजून तो बाजूस सारणे बरे नव्हे. आपले देवगाव रंगारी व भोवतालचा सारा मराठवाडा अशाच लेखांच्या व फर्मानांच्या वाटेने आजच्या राज्यात आला आहे.

आपल्या शेजारच्या वऱ्हाडाची हकीकत पाहा. निजामाच्या नावाने ठेवलेल्या फौजेचा खर्च थकला, तेव्हा 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गाकडील (म्हणजे आजच्या धाराशिवाकडील) मुलूख कंपनी सरकारच्या हाती देण्यात आला. हे एक प्रकारचे कब्जेगहाणच होते: मालकी निजामाची, वहिवाट कंपनीची. 1860 साली नवा तह झाला. त्याने 50 लाखांचे कर्ज सोडून दिले गेले, नळदुर्ग व रायचूर परत निजामाकडे गेले, आणि वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. ह्याप्रमाणे नळदुर्गाकडील कुणबी सात वर्षांत दोनदा दुसऱ्याच्या हाती गेला, आणि त्याने आपल्या शेताचा बांधही ओलांडला नव्हता.

पुढे दिवाण सालारजंग ह्यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून पुष्कळ खटपट केली. ती फळास आली नाही. अखेर 1902 साली लॉर्ड कर्झन ह्यांनी निजाम महबूब अली खान ह्यांच्याशी करार केला. वऱ्हाडावर निजामाचे स्वामित्व आहे हे त्यात मान्य केले, आणि त्याच करारात तो प्रांत वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांस दिला! जो पट्टा कधीच संपावयाचा नाही, त्यात मालकाच्या हाती नावापलीकडे काय उरते, हे कोणताही पाटील सांगेल. 1936 च्या करारानंतर निजामाच्या युवराजास वऱ्हाडचा राजपुत्र असा किताब मिळाला. इतक्या कागदांत सेना आहे, देणे आहे, मान आहे, किताब आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा येथील रयतेची संमती कोठेही नाही.

ही रीत फार जुनी आहे. शलमोन राजाने सोरचा राजा हीराम ह्यास गालीलातील वीस नगरे दिली. हीराम ती पाहावयास गेला व त्यास ती आवडली नाहीत, इतके शास्त्रात लिहिले आहे. त्या नगरांतील लोकांस हीराम आवडला की नाही, ह्याची नोंद नाही.

कोणी म्हणेल, रयतेस काय त्याचे? सारा ह्यास भरावयाचा की त्यास, एवढाच फरक. हे सर्वस्वी खोटे नाही, पण अपुरे आहे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावास गेले की पूर्वी राज्य बदलत असे. वर निजामाचा हाली रुपया, खाली इंग्रजांचा कलदार. दफ्तराची भाषा निराळी, कायदा निराळा, आणि बोलण्याची मोकळीकही निराळी. आपल्या माथ्यावर कोण राज्य करील हे जाणण्याचा व त्यावर बोलण्याचा हक्क माणसास आहे, कारण राज्यकर्ता हा धनी नसून विश्वस्त आहे. विश्वस्तास ठेव सांभाळता येते. ती आपल्या कर्जापायी गहाण टाकण्याचा अधिकार त्यास कोणी दिला?

तथापि कागद तुच्छ आहे असे आमचे म्हणणे नाही. चांगला लेख गरिबाचे हक्क एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सुखरूप नेतो. हैदराबाद राज्य जाऊन कित्येक वर्षे लोटली, तरी त्या राज्याचा 1950 चा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा मराठवाड्यात पुढेही चालू राहिला. निजामी अमलातील उर्दू कागद अजून घराघरांतील पेट्यांतून निघतात आणि कचेरीत पुरावा म्हणून दाखविले जातात. आणि जेथे लेख वेळेवर होत नाही तेथे काय होते, हेही ह्याच मुलखाने पाहिले आहे. 29 नोव्हेंबर 1947 रोजी केवळ एका वर्षाचा जैसे थे करार झाला व मुख्य प्रश्न तसाच लोंबत राहिला. त्या अवधीत रझाकारांचा जुलूम झाला. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारताची सेना आत आली, 17 रोजी निजामी सेनेने शस्त्रे खाली ठेविली, आणि त्यानंतर निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला. सुंदरलाल समितीने त्याची चौकशी केली होती. निजामाने भारताची राज्यघटना आपल्या राज्यास लागू करण्याचे फर्मान काढले ते 23 नोव्हेंबर 1949 रोजी. गोरगरिबांनी तोवर त्या विलंबाची किंमत भरली होती.

1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला व 1960 साली महाराष्ट्रात. हे बहुतेकांच्या मनाजोगे झाले. तरीही राज्यघटनेचे तिसरे कलम वाचावे: राज्यांच्या सीमा बदलावयाच्या तर राष्ट्रपतींनी त्या राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे, इतकेच त्यात आहे, ते मत संसदेवर बंधनकारक नाही. आपल्या लोकराज्यातही प्रजेचा अंगठा अनिवार्य नाही, हे ध्यानात असू द्यावे.

गोव्यात मात्र तो घेण्यात आला. गोवा 1961 च्या डिसेंबरात भारतात आला तेव्हा कौल घेतला गेला नव्हता. पण महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की वेगळे राहावयाचे, हे 16 जानेवारी 1967 रोजी गोवेकरांस विचारण्यात आले. विलीनीकरणास फूल व वेगळेपणास दोन पाने अशी चिन्हे होती, म्हणजे निरक्षरासही आपले मत देता यावे. दोन पानांस 34,021 मते अधिक पडली. महाराष्ट्रात पुष्कळांस त्याचे वाईट वाटले; तरी निकाल सर्वांनी मानिला. गोव्यावरील भारताचे स्वामित्व पोर्तुगालने तहाने मान्य केले ते 31 डिसेंबर 1974 रोजी. तेव्हा गोवेकरांची मते मोजून जवळजवळ आठ वर्षे झाली होती.