शिक्षकाचें कर्तव्य आणि भय

अमेरिकेंतील न्यूपोर्ट न्यूज शहरीं जानेवारी २०२३ मध्यें सहा वर्षांच्या विद्यार्थ्यानें भर वर्गांत आपल्या शिक्षिकेवर पिस्तूल झाडलें. सुदैवानें ती वांचली. मुलाजवळ पिस्तूल असावें, असा इशारा त्याच दिवशीं वरिष्ठांना मिळाला होता.

अशा शाळेंत शिकवीत राहणें हें शिक्षकाचें कर्तव्य होय काय? सैनिक मरणाची अट पत्करूनच रणांत उतरतो. शिक्षकानें तसा करार केलेला नसतो. त्यागाची थोरवी गाणारे बहुधा वर्गाबाहेरचेच! बरें, पहारा बसवावा, तर न्यूयॉर्कनें १९९८ सालीं शाळांचें रक्षण पोलिसांकडे सोंपविलें. कित्येक शाळांच्या दारांत मुलें धातुशोधक यंत्रांतून जातात. परंतु दाराशीं ज्याची झडती झाली, त्याच मुलानें आंत गुरूपाशीं मन मोकळें कसें करावें? अशा स्थितींत एखादी शिक्षिका नोकरी सोडून गेली, तर तिला पळपुटी म्हणण्याचा अधिकार इशाऱ्याकडे काणाडोळा करणाऱ्यांना तरी खास नाहीं.