वाजवणाऱ्याचं नाव

पैसे चुकते केले की ऋण फिटतं का, हा प्रश्न मला परवापर्यंत कधी पडला नव्हता. मध्यमवर्गीय माणसाला बिल भरलं की शांत झोप लागते. माझी ती झोप आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलानं उडवली. तशी तो वर्षभर उडवतच होता, तीही रविवारी दुपारी, ऐन वामकुक्षीच्या वेळी. त्याचा रॉक बँड आहे. पाठीशी कंपनी नाही, शेठ नाही. पदरमोड करून गाणी काढतात. नुसत्या गिटार-ड्रम्सनं भाईंदर पश्चिमेचं समाधान होणार नाही असं वाटून की काय, त्यात ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनही घेतलेत.

परवा त्यानं नवा अल्बम मोबाइलवर पाठवला. "काका, ऐका आणि खरं सांगा." वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला खरं सांगण्याइतका मी भोळा नाही; 'छान' हा शब्द तयारच ठेवला होता. पण तिसऱ्या गाण्यात ट्रंपेट असं काही उसळलं, की माझा पाय आपोआप हलू लागला. हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "पायाला मुंग्या आल्या का?"

मी त्याला म्हटलं, "अरे, हा तर आमचा 'अलबेला'! १९५१ सालचा!"

"संगीत कोणाचं, काका?"

"सी. रामचंद्र."

"नाचलं कोण?"

"भगवानदादा!"

"आणि ट्रंपेट?"

मी गप्प. त्यानंच सांगितलं: गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट. सी. रामचंद्रांचे सहायक. त्यांचा बँड त्या सिनेमात चक्क पडद्यावरही दिसतो. मी 'अलबेला' अकरा वेळा पाहिला. अकराही वेळा भगवानदादांचे पायच पाहिले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तला अँथनी गोन्साल्विस हाही मला लेखकाचा विनोद वाटायचा. ते प्यारेलालांच्या व्हायोलिनच्या गुरुजींचं खरं नाव निघालं! शिष्यानं गाण्यात घालून गुरुदक्षिणा दिली. बाकीच्या वादकांना असा शिष्य कुठून मिळणार?

"आम्ही सगळ्यांची नावं दिलीत," मुलगा म्हणाला. "ट्रंपेटवाला उत्तनचा. एरवी लग्नात वाजवतो. नाव द्यायला पैसे थोडेच लागतात!"

लग्न म्हटल्यावर मला माझं आठवलं. १९७९ साल. वडिलांनी अकरा माणसांचा बँड ठरवला होता. वडील हिशेबी, वरातीत नवऱ्यापेक्षा त्यांचं लक्ष बँडवर जास्त. त्यांनी पाहिलं, की एक म्हातारा ट्रंपेट ओठांना लावतो, गाल फुगवतो, पण आवाज काही निघत नाही. मालकाला गाठलं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, एके काळी हाच आमचा मुख्य वाजवणारा. आता दात गेले. गणवेश घालून चालतो, रोजीपुरतं मिळतं."

वडिलांनी वीस रुपये कापले. न्यायानं पाहिलं तर बरोबरच होतं. न वाजलेल्या वाद्याचे पैसे कोण देतो? म्हातारा माझ्याकडे पाहत होता. नवरदेवानं व्यवहारात पडायचं नसतं, असं म्हणून मी मुंडावळ्या सारख्या करत राहिलो. ज्याच्या फुंकरीवर त्याआधी किती नवरे मिरवले असतील, त्याचं साधं नावही मी विचारलं नाही. वडिलांचा हिशेब त्याच दिवशी चुकता झाला. माझा अजून उघडा आहे.

म्हणून गेल्या आठवड्यात साठ फुटी रस्त्यावर वरात लागली, तेव्हा मी खाली उतरलो. गाणं संपल्यावर ट्रंपेटवाल्याजवळ जाऊन विचारलं, "नाव काय आपलं?"

त्यानं झटकन ट्रंपेट खाली केलं, टोपी सरळ केली आणि चाचरत म्हणाला, "काय चुकलं, साहेब?"