होकार ऐकण्याआधी

घाई नको. अंगणात जुनी चादर पांघरून उभी असलेली ती स्कूटर मनात आणा. जळगावचे ऊन, लिंबाची सावली, एमएच-१९ पासिंग. मालक दाराशी उभा आहे. "बिनधास्त घेऊन जा दादा, गाडीला काही काम नाही," तो म्हणतो. तुमच्या ओठांवर अहिराणीतला एकच शब्द आला आहे: कितला? तो तिथेच राहू द्या.

आधी मनात एक आकडा धरा आणि तो आला कुठून ते बघा. शेजाऱ्याने गेल्या दिवाळीत घेतलेल्या गाडीवरून? विम्याच्या कोष्टकावरून? त्या कोष्टकात दुसऱ्या वर्षात २० टक्के घट धरतात, पाचव्या वर्षात ५०. पाच वर्षांपुढे कोष्टक संपते आणि किंमत आपसात ठरवायची असते. आपल्यासमोरची गाडी नऊ वर्षांची आहे. जिथे आधार हवा, नेमका तिथेच कोष्टकाने हात सोडला.

आता तो आकडा उच्चारा. वीस हजार. आणि मालक लगेच म्हणाला, "चालेल."

इथे थांबा. छातीत काहीतरी खाली गेले ना? मागितले तेच मिळाले, तरी वाईट का वाटले? त्या वाटण्यापाशी थोडे बसा. त्याला कद्रूपणा म्हणून झटकू नका. त्यात हिशेब आहे.

विल्यम सॅम्युएलसन आणि मॅक्स बेझरमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८५ साली अशाच सौद्याचे गणित मांडले. ते आपल्या अंगणात आणून बघू. समजा, मालकाच्या लेखी गाडीची खरी किंमत शून्य ते चाळीस हजारांत कुठेही असू शकते. त्याला ती ठाऊक आहे, तुम्हाला नाही. तुम्हाला रोज एमआयडीसीत कामाला जायचे आहे, म्हणून तुमच्या लेखी तिचे मोल त्याच्या दीडपट. म्हणजे सौदा दोघांच्याही हिताचा असायला हवा. तुम्ही वीस म्हणालात. तो "चालेल" कधी म्हणेल? त्याच्या लेखी ती विसाच्या आत असेल तेव्हाच. म्हणजे सरासरी दहा. तुमच्या लेखी पंधरा. वीस देऊन पंधरा हजारांची वस्तू. मग दहा म्हणून बघा: सरासरी पाच, तुम्हाला साडेसात. पाच म्हणा, चार म्हणा. दर वेळी चौथा हिस्सा बुडतो. आकडा बदलून हे गणित सुटत नाही. आंधळेपणाने दिलेला प्रत्येक भाव चुकतो, कारण होकार येतो तो आपल्याला न दिसलेल्या बाजूकडून.

आता जागा बदला. दारात मालकाच्या जागी उभे राहा. समजा गाडी खरेच चांगली आहे. दर वेळी ऑइल बदललेले, सासूबाईंना दवाखान्यात नेण्यापुरती चालवलेली. समोरचा माणूस भीतीपोटी भाव पाडतो आहे. "बिनधास्त" हा शब्द खोटा बोलणाराही वापरतो, मग खऱ्याने कुठला वापरायचा? असा माणूस शेवटी चादर पुन्हा ओढतो आणि विकायचेच सोडून देतो. मला या माणसाचे जास्त वाईट वाटते. आपल्या भीतीची किंमत त्याच्याही खिशातून जाते.

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाणता घोड्याचे वय नुसते विचारत नाही. जबडा उघडून दात बघतो, मग चालवून चाल बघतो. विकणाराही स्वतःच लगाम हातात देतो. स्कूटरचे दातही असेच वाचता येतात. चालवताना धूर निळा येतो का? येत असेल, तर इंजिनात ऑइल जळते आहे. मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक हलवले तर डगमगते का? चेसिसवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर एकच आहे का, फायनान्सचा बोजा उतरला आहे का, पंधरा वर्षांची नोंदणी संपायला किती राहिले? आणि मालक गाडी नावावर करून द्यायला, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करायला, किती तयार आहे? हे मी फार महत्त्वाचे मानतो. आरसीवर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. मग नाव उतरवण्याची घाई खरे तर विकणाऱ्याला असायला हवी. "सावकाश करू" म्हणणारा का थांबतो आहे, याचा शांतपणे विचार करा.

ओळखीच्या मिस्त्रीला तासाचे पैसे देऊन सोबत न्या. ते पैसे भावातून वजा धरू नका. गाडी घेतली नाही तरी ते सार्थकी लागले. तरीही काही अंधार उरेलच. मिस्त्रीला विचारा, इंजिन खोलावे लागले तर किती? तो सांगेल ती रक्कम पुढच्या दोन महिन्यांत तुम्हाला झेपणार नसेल, तर ती पूर्ण वजा करा, अर्धी नाही. उरलेला आकडा कागदावर लिहा. तो ऐकून मालक नाही म्हणाला, तर त्या नकाराचा त्रास करून न घेता घरी येता येईल का, हे आत्ताच स्वतःला विचारून ठेवा.

आता परत त्या अंगणात. सकाळ आहे, ऊन अजून भिंतीपर्यंत आलेले नाही. चादर बाजूला करा. काही न बोलता तळहात इंजिनवर ठेवा. कोमट लागले, तर कुणीतरी तुमच्या आधी गाडी सुरू करून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी यायचे ठरवा. गार असेल, तर चावी मागा.